शुक्रवारची छपाई

तुळशीराम मागच्या खोलीत आला तो हातात टेप घेऊनच. जानेवारीतली सकाळ होती. पुढच्या खोलीत त्याचे दोन लूम चालू होते आणि त्यांच्या दणक्याने मागच्या खोलीतल्या, छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे ठेवायच्या लाकडी केसा बारीक थरथरत होत्या. त्याचा थोरला भाऊ दामू जाऊन दहा महिने झाले होते. दामू असता तर तुळशीरामने हा उंबरा ओलांडला नसता. नऊ वर्षं ओलांडला नव्हता.

"वहिनी, ती ट्रंक जरा सरकवा."

शांताबाईने ट्रंक सरकवली. तुळशीरामने भिंतीपासून टेप लावली, कानावरचा खडू काढला आणि सारवलेल्या जमिनीवर आठ फुल्या मारल्या. दोन लूम, चार-चार पाय.

दामूची मुलगी विद्युल्लता शाळेत शिकवायला निघाली होती. पर्स खांद्याला लावता लावता ती दारात थांबली.

"काका, हे काय?"

"दोन लूम भेटतायत जुने. होळीच्या आत टाकायचे म्हनतो. जागा पडूनच हाय."

"ही जागा अण्णांच्या प्रेसची आहे."

"परेस?" तुळशीराम हसला. पुढच्या लूमवरचा कामगारही मान वळवून हसला. "कुठं हाय परेस? भंगारात गेला, त्याला किती वर्सं झाली? ह्या पेट्यांत उंदरांनी पिलं घातलीत, तेवढाच ऱ्हायला तुझा परेस."

विद्युल्लताने खाली फुल्यांकडे पाहिलं. चौतीस वर्षांची बाई, आयुष्यभर पुस्तकं वाचलेली, शाळेत साठ पोरांना नुसत्या नजरेने गप्प करणारी. पण या माणसासमोर तिचा आवाज नेहमी लहान व्हायचा.

"मी परत आणला तर?"

"काय?"

"प्रेस."

तुळशीरामने टेप गुंडाळली. "दामूच्या वर्षदिनाला हितं एक कागद छापून दाखव. लूम टाकनार न्हाय. शब्दाचा मी पक्का हाय, इचार वहिनीला. आन न्हाय छापलास, तर दुसऱ्या दिवशी लूम आत. मंग रडायचं न्हाय."

"अठरा मार्चला आहे वर्षदिन," ती म्हणाली. "शुक्रवार आहे."

"शुक्रवार तर बराच. लूम बंद. बघायला आमी बी मोकळे."

तो गेला. शांताबाई फुल्यांवरून पाय वाचवत चुलीकडे गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "कशाला तोंड लावलंस? अर्धं घर त्याचं हायच."

"पुढचं अर्धं त्यांचं आहे, आई. ते त्यांनी भरलं."

दामू रोकडेने भिवंडीतल्या एका छापखान्यात तीस वर्षं खिळे जुळवले. लग्नाच्या पत्रिका, बारशाची आमंत्रणं, सभांची हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. गावात जे जे छापलं गेलं त्यातलं निम्मं त्याच्या बोटांतून गेलं. ज्यांची लग्नं त्याने जुळवली त्यातल्या फार थोड्यांनी त्याला जेवायला बोलावलं. ते तो कधी बोलून दाखवत नसे. प्रत्येक कागदाच्या तळाशी, बारीक टायपात, मुद्रक म्हणून मालकाचं नाव असे. तेही रोज त्यानेच जुळवलेलं.

मुलीचं नाव त्याने ठेवलं तेव्हा शेलार गावातल्या बायकांची जीभ अडखळली. दामू म्हणाला होता, "सोपं नाव मानूस सवयीनं जुळवतो. हिचं नाव जुळवताना जागं ऱ्हायला लागंल. त्यातलं एक अक्षर केसच्या पार वरच्या कोपऱ्यात असतं, हात लांब करायला लागतो."

एक्याऐंशी साली मालकाने नवीन मशीन घेतलं आणि जुनं पायाने चालवायचं ट्रेडल दामूने घरी आणलं. पुढच्या खोलीत बसवलं. दोन वर्षं त्याने स्वतःच्या घरात छापलं. बारीक काम तो शुक्रवारीच काढायचा. त्या दिवशी भिवंडीतले लूम बंद. हवेत तूस उडत नाही, जमीन हलत नाही. कापसाचं एक तूस शाईवर बसलं की कागदावर पांढरा ठिपका. "आपल्या पत्रिकेत ठिपका दाखवा," तो लोकांना म्हणायचा, आणि लोक पत्रिका उन्हात धरून ठिपका शोधायचे.

मग तुळशीरामच्या लूमना थ्री फेजची लाइन मिळाली ती पुढच्या खोलीत. घर सामायिक, आई जिवंत होती, ती धाकट्याच्या बाजूने बोलली. मशीन अंगणात निघालं. दोन पावसाळे ताडपत्रीखाली गंजलं. शेवटी दामूने स्वतःच भंगारवाल्याला बोलावलं. मशीन हातगाडीवर चढवताना चक्क्याला त्याने स्वतः खांदा लावला होता. त्यानंतर दोघं भाऊ एका भिंतीच्या आड राहिले आणि बोलले नाहीत. दामू दुसऱ्याच्या छापखान्यात परत कामाला लागला. रविवारी मात्र तो घरातले खिळे रॉकेलने पुसून केसमध्ये परत लावायचा. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

*

दामूबरोबर मशीन चालवणारा यादव आता धामणकर नाक्यावर कपड्याच्या दुकानाबाहेर वॉचमन होता. सत्तरीचा, डाव्या हाताची दोन बोटं टोकाला चपटी. ट्रेडलच्या जबड्यात सापडलेली.

विद्युल्लताचं ऐकून घेऊन तो रिक्षांच्या गर्दीकडे बघत म्हणाला,

"नऊ वर्सांचं भंगार, बाय. आतापावतर त्याच्या कढया होऊन लोकांच्या घरात गेल्या असतील."

"तरी बघायचंय."

यादवने स्टुलाखालून चपला काढल्या. "रविवारी येतो. मालकाला सांगतो, भाचीचं लगीन हाय."

भाचीचं लग्न चार रविवार चाललं. नाक्याच्या मागच्या गल्ल्यांतून, तेलकट चिखलातून, लूमच्या मोडक्या सांगाड्यांमधून ती दोघं फिरली. शाळेत 'मॅडम' म्हणत तेव्हा पोरं उभी राहायची. इथे 'मॅडम' म्हटलं की माणसं एकमेकांकडे बघून हसायची. एकाने विचारलं, "मॅडम, लोहे में क्या पढ़ाना है?" तिने साडीचा पदर खोचला आणि पुढचा ढीग बघायला घेतला.

तिसऱ्या रविवारी खलीलभाईच्या वखारीत एक माणूस लोखंडाच्या धोंड्यावर मोटारीची बॉडी ठेवून घणाने फोडत होता. यादव थबकला.

"उठ रे बाबा जरा."

तो वाकला. धोंड्याच्या बुडाशी ग्रीसचा थर होता. चपट्या बोटांनी त्याने तो खरवडला. खालून पायपट्टी निघाली. मधोमध झिजलेली नव्हे, डावीकडे झिजलेली. तिथे टाचेएवढा खळगा.

"हा दामूचा पाय," यादव म्हणाला. "आमी सगळे उजव्यानं मारायचो. तो डाव्यानं. उजव्या गुडघ्यात त्याला कळ यायची."

विद्युल्लता खाली बसली आणि तिने त्या खळग्यात तळहात ठेवला. लोखंड उन्हाने तापलं होतं.

खलीलभाई पान चघळत आला. "ये? ये तो हमारी निहाई है. घन टूट गए, ये नहीं टूटा. टूट जाता तो कब का भट्ठी में जाता." मग तिच्याकडे बघून त्याने आवाज उतरवला. "किसका है?"

"माझ्या वडिलांचं."

"इंतक़ाल हो गया?"

तिने मान हलवली. खलीलभाईने पान थुंकलं. "रामू, दूसरा पत्थर ला, ये बहनजी का है. वज़न का भाव दे देना, ऊपर कुछ नहीं." आणि जाता जाता म्हणाला, "चक्का कोन गाँव में है. बाळाराम के पास. रहट के लिए ले गया था."

कोनला बाळारामच्या वाडीत रहाट कधीच बंद पडला होता. चक्का फाटकाला टेकून उभा होता, म्हशी आत शिरू नयेत म्हणून. बाळारामने तो देण्यात खळखळ केली नाही. त्याला फक्त फाटकाला दुसरं काहीतरी हवं होतं. पण यादवची नजर पडवीतल्या चुलीवर खिळली होती. चुलीवर बाळारामची बायको कमळाबाई तांदळाची भाकरी थापत होती. तवा जाड, काळा, अगदी गोल.

"वयनी, तवा कुठला वो?"

"त्या चक्क्यासंगती आलेला. असा तवा गावात न्हाय. खालून खुंट हाय ना, तो चुलीत बसतो, तवा जागचा हालत न्हाय. भाकरी कशी फुगतंय बघ."

"तो तवा न्हाय. शाईची थाळी हाय. मशीनची."

कमळाबाईचा हात थांबला. "म्हंजे आमी नऊ वर्सं शाई खाल्ली?"

बाळाराम हसायला लागला, मग यादव. विद्युल्लताही हसली. अण्णा गेल्यानंतर ती मोठ्याने हसली ती पहिल्यांदा, आणि तिला ते स्वतःलाच ऐकू आलं.

"तवा देनार न्हाय मी," कमळाबाई म्हणाली. "माझ्या सुना भांडतात त्याच्यासाठी."

"मी नवा आणून देते, मावशी. बिडाचाच."

"नवा फुगवंल का असा?"

विद्युल्लताला खोटं बोलता आलं नाही. "माहीत नाही. पण त्याच्याशिवाय माझ्या वडिलांचं मशीन उभं राहणार नाही."

कमळाबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग शेवटची भाकरी उलटली, फुगवली, उतरवली. "जेवा आदी. तवर थंड होतोय."

*

टेम्पोतून मशीन शेलारला उतरलं तेव्हा शेजारची ठकुबाई कडेवर नातू घेऊन बघायला आली. "लोकांच्या पोरी नवरा आनतात, हिनं भंगार आनलं," ती म्हणाली. शांताबाई आत निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विद्युल्लता उठली तेव्हा आई अंगणात फतकल मारून बसली होती. हातात करवंटीचा तुकडा, समोर विटेची पूड आणि रॉकेलचं डबडं. ती चक्क्याचा एकेक आरा घासत होती.

"तुझ्यासाठी न्हाय घासत," तिने सांगितलं. "माझ्या दारात गंज नको."

पुढचे वीस दिवस तसेच गेले. विद्युल्लता शाळेतून आली की साडी बदलून घासायला बसायची. नखांत काळं बसलं. शाळेत खडू धरताना ती बोटं मिटून घ्यायची. मग एक दिवस तिने ठरवलं की लपवायचं नाही. अण्णांची नखं जन्मभर काळी होती, आणि तरी तेच बोट तिला पाटीवर अक्षर दाखवायचं.

मशीनच्या मोठ्या दातेरी चाकाचे दोन दात तुटले होते. नाक्यावरच्या तीन वेल्डिंगवाल्यांनी करून दिले. तिन्ही वेळा चक्का फिरवला की दात खळकन अंगणात पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा तुळशीराम लूमच्या दारात विडी ओढत उभा होता. रोज उभा असायचा. आतापर्यंत त्याने टोमणेच मारले होते. 'याच्यावर भाजी कापतात का गो?' 'दामूनं फुकट घालवलेलं, तू घासून घासून पातळ करशील.' त्या दिवशी मात्र तो जागचा हलला. विडी विझवली, आला, पडलेला दात उचलून उजेडात धरला.

"बिडाला वेल्डिंग धरत न्हाय," तो म्हणाला. "पितळ धरतं."

आणि चाक खांद्यावर टाकून निघून गेला.

तीन दिवसांनी चाक ओट्यावर होतं. तुटक्या जागी भोकं पाडून, आटे करून, खिळ्या बसवल्या होत्या. त्यावर पितळ ओतलं होतं आणि ते कानशीने इतकं नेमकं घासलं होतं की काळ्या चाकात दोन सोनेरी दात दिसत होते. लूमचे दात असेच बांधतात. तीस वर्षं त्याने तेच केलं होतं. शांताबाईने चाकावरून बोट फिरवलं. "हात चांगलाय त्याचा," ती हळूच म्हणाली. "तोंडच वाईट."

*

रूळ मात्र कुठेही मिळाले नाहीत. जुळवलेल्या खिळ्यांच्या फर्म्याला शाई लावतात ते तीन मऊ रूळ. यादव म्हणाला, घरी ओतू. सरस आणि काकवी दुहेरी पातेल्यात चुलीवर शिजवायची, आतून तेल लावलेल्या पाइपात ओतायची, रात्रभर ठेवायची. पाइप तुळशीरामच्या लूमचेच, ओट्यावर न मागता आलेले. घरभर सरसाचा आणि गुळाचा वास सुटला. पाठोपाठ मुंग्या आल्या. शांताबाईने रूळ ठेवलेल्या पाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. रूळ निघाले ते गुळाच्या रंगाचे, बोट लावलं की चिकटणारे, दाबलं की पुन्हा वर येणारे. यादवने ते गालाला लावून पाहिले.

"अकराच्या शुक्रवारी चालवून बघू," तो म्हणाला. "आठवडा हाताशी ऱ्हाईल."

तोवर विद्युल्लताने खिळे जुळवायला घेतले. नऊ वर्षांची असल्यापासून अण्णांनी तिला छापखान्यात नेऊन शिकवलं होतं. डाव्या हातात पट्टी, उजव्याने खिळा उचलायचा, खाचेवर अंगठा, ओळ उलटी वाचायची. वरती त्रिशरण-पंचशील, खाली अण्णांचं नाव आणि तारखा, आणि त्याखाली दोन ओळी: 'यांनी तीस वर्षे या गावातील लग्ने, नामकरणे, सभा आणि श्रद्धांजल्या जुळवल्या. त्यांच्या छपाईत ठिपका नसे.' दुसरी ओळ लिहावी की नाही याचा तिने चार दिवस विचार केला. शेवटी लिहिली. ती खरी होती.

दहा तारखेला, गुरुवारी संध्याकाळी, पुढचे लूम जोरात चालू होते. तिने फडकं उचलून रूळ पाहिले तर त्यांच्यावर बारीक पांढरी लव उगवल्यासारखी दिसत होती. तूस. तिला राहवलं नाही. स्वच्छ पंचा घेतला, पाण्यात बुडवून पिळला आणि तिन्ही रूळ हलक्या हाताने पुसून काढले. तूस गेलं. रूळ चकाकले. तिला बरं वाटलं.

सकाळी यादव आला. त्याने फडकं काढलं आणि तो खालीच बसला. रूळ पाण्यात राहिलेल्या साबणाच्या वडीसारखे झाले होते. वरचं कातडं सुटलेलं, बुळबुळीत, बोटाला येणारं.

"पानी लावलं?"

"तूस होतं म्हणून पुसले."

"पान्यानं?" यादवचा आवाज चढला नाही, ते जास्त लागलं. "बाय, एवढी पुस्तकं वाचलीस. सरस पान्यात इरघळतो हे कुठंच लिवलं नव्हतं? रूळ काय बाळ हाय आंघोळ घालायला? रॉकेलनं पुसायचा असतो."

अण्णांच्या हातात ती रॉकेलची चिंधी तिने हजार वेळा पाहिली होती. पाहिली होती, पण ती खिळ्यांसाठी असं मनात धरलं होतं. ती उठून मागच्या खोलीत गेली आणि केससमोर उभी राहिली. रडली नाही. जुळवलेला फर्मा दोऱ्याने बांधून ठेवला होता. त्यावर बोट ठेवून ती उलटी अक्षरं वाचत राहिली. त्यांच्या छपाईत ठिपका नसे.

भिंतीपलीकडून तुळशीरामचा आवाज आला. "काय झालं?"

"रूळ गेले," यादव म्हणाला.

भिंतीपलीकडे काडीपेटीवर काडी ओढली गेली. शुक्रवार असल्यामुळे तेही ऐकू आलं.

*

यादवने रूळांचं ओलं कातडं सुरीने सोलून काढलं, आतला गर निवडून वाळत घातला. पुन्हा वितळवता येईल, तो म्हणाला, थोडा नवा सरस घालून. पण गर आधी सुकायला हवा, म्हणजे बुधवारच्या आत ओतता यायचा नाही. आणि ओतल्यावर दोन दिवस तुसाचा कण लागता कामा नये. कारण आता पुसायला, सोलायला, पुन्हा ओतायला वेळ नव्हता.

"बुध, गुरू लूम चालनार," तो म्हणाला. "तूस उडनार. मी काय करू?"

विद्युल्लताने दाराला ओली गोणपाटं लावायचं ठरवलं. अण्णा लावायचे तशी. मंगळवारी तिने चार गोणपाटं शिवली. बुधवारी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी आली, चूल पेटवली, पातेलं चढवलं. यादव काकवी ढवळत होता. पुढे लूम धडधडत होते आणि उन्हाच्या तिरपेत तूस नाचताना दिसत होतं. गोणपाटं भिजवून लावली तरी फटीतून ते येतच होतं.

सरस वितळला. यादवने पाइप उभे केले. "ओतू?"

ती 'हो' म्हणणार तोच आवाज थांबला.

एक लूम बंद झाला. मग दुसरा. भर बुधवारी, दुपारी दोन वाजता. कामगाराचा आवाज आला, "सेठ, क्या हुआ? लाइट तो है."

"घर जा. परसों तक छुट्टी."

"पार्टी का माल?"

"मेरा माल है, मैं देखूँगा. जा."

शांताबाईने विळीवरून मान वर केली. या घरात नऊ वर्षांत शुक्रवार सोडून दिवसा लूम थांबले नव्हते. तुळशीरामची आई वारली त्या दिवशीसुद्धा दुपारची पाळी चालली होती. तुळशीराम मागच्या दारात आला. ओलं गोणपाट बाजूला सारून उभा राहिला, आत मात्र आला नाही.

"ओता," तो म्हणाला. "बघत काय बसलाव? थंड होतंय."

गुरुवारी संध्याकाळी त्याने गल्लीतले चार कामगार आणले, पहारी आणल्या, मशीनखाली पाइप सरकवले आणि अंगणातलं ते धूड बोटबोट ढकलत मागच्या खोलीत घेतलं. त्याच्या खडूच्या फुल्यांवर माणसांच्या टाचा फिरल्या आणि फुल्या शेणात मिसळून गेल्या. मशीन सरळ बसलं की नाही ते त्याने पाण्याची वाटी ठेवून पाहिलं. एका पायाखाली पत्र्याची चकती सारली. पुन्हा वाटी ठेवली.

"आता बस," तो म्हणाला.

*

शुक्रवारी सकाळी नऊला अंगणात चटया पडल्या. विहारातली माणसं आली, शाळेतल्या दोन बाई आल्या. कोनहून बाळाराम-कमळाबाई आली. पाटावर दामूचा फोटो, समोर मेणबत्ती. वंदना झाली. मग सगळे उठून मागच्या खोलीच्या दारात, खिडकीत गोळा झाले. ठकुबाईने नातवाला खांद्यावर घेतलं.

यादवने रूळ बसवले. थाळीवर शाईचा ठिपका लावला. कमळाबाई पुढे वाकून बघत होती. "माझा तवा," तिने शेजारणीला सांगितलं.

पाय मारायला यादवचा गुडघा चालत नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"मी मारतो," तुळशीराम म्हणाला. चप्पल बाहेर काढून तो आत आला. पायपट्टीकडे क्षणभर पाहिलं आणि उजवा पाय मागे घेऊन डावा ठेवला. खळग्यात टाच बसली.

चक्का फिरला. सोनेरी दात एकदा खाली गेले, वर आले, धरून राहिले. रूळ थाळीवर चढले, फर्म्यावरून उतरले, चिकट आवाज करत पुन्हा चढले. जबडा उघडला. यादवच्या चपट्या बोटांनी कागद आत ठेवला, जबडा मिटला, उघडला, कागद बाहेर.

विद्युल्लताने तो घेतला आणि लोकांतून वाट काढत उन्हात गेली. दोन्ही हातांनी कागद धरला. अक्षरं काळी, भरलेली, कडा धारदार. तिने वरून खाली पाहिलं. पुन्हा खालून वर. मग कागद ठकुबाईसमोर धरला.

"मावशी, ठिपका दाखवा."

ठकुबाईने डोळे बारीक केले. नातवाने हात घातला, तो तिने बाजूला केला. "न्हाय बाय," ती म्हणाली. "कुठंच न्हाय."

कागद हातोहात फिरला. शांताबाईला वाचता येत नव्हतं. तिने तो नाकाशी नेला, शाईचा वास घेतला आणि पदराने तोंड पुसलं. तुळशीराम दुसरीपर्यंत शिकलेला. त्याने तो गुडघ्यावर ठेवून तळाशी बोट लावलं.

"हितं रिकामं का?"

"काय?"

"खाली छापनाऱ्याचं नाव असतं. दामूदादा सांगायचा, कायदा हाय. लोकांची नावं लावता लावता म्हातारा झालो, म्हनायचा." दादा हा शब्द त्याच्या तोंडून नऊ वर्षांनी आला होता. त्याच्या ते लक्षात आलं असावं. तो कागदाकडेच बघत राहिला.

"अण्णांचं लावायचं होतं," विद्युल्लता म्हणाली. "पण माणूस गेल्यावर मुद्रक म्हणून लावता येत नाही. म्हणून ओळच सोडली."

"मंग तुझं लाव. छापलं कुनी?"

"तुम्ही सगळ्यांनी."

"आमी पाय मारले," तुळशीराम म्हणाला. "जा. लोक उभे हायत."

ती केसकडे गेली. पट्टी डाव्या हातात घेतली. हात आपोआप चालत होता. एका अक्षरासाठी मात्र तिला चवड्यावर उभं राहून वरच्या कोपऱ्यातल्या घरात बोट घालावं लागलं. तिथे तीनच खिळे होते. इतकी वर्षं झाली तरी न झिजलेले, कडा नव्यासारख्या. त्यातला एक तिने उचलला. ओळ पुरी केली, फर्म्याच्या तळाशी बसवली, पाचरी ठोकल्या.

"चला," यादव म्हणाला.

चक्का फिरला. जबडा उघडला, मिटला. दुसरा कागद बाहेर आला तो थेट तुळशीरामच्या हातात. त्याने पाय न थांबवता तो डोळ्यांजवळ नेला आणि तळच्या ओळीवर काळं बोट ठेवून अक्षर अक्षर लावू लागला. "मु-द्र-क... वि... द्यु..." तो अडला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. बायका हसल्या. त्याने मान हलवली, ते नाव सोडलं आणि बोट पुढे सरकवलं.

"दामू रोकडे, शेलार," त्याने एका दमात वाचलं.